दोन पत्र्यांमधली जागा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. अशा माणसाच्या नावाने बोलायला उभं राहिलं की मोठा विषय घ्यावासा वाटतो. विश्वाची उत्पत्ती, कृष्णविवरं, असं काहीतरी. मी मुद्दाम लहान विषय घेतला आहे. धातूचे दोन सपाट पत्रे. समोरासमोर ठेवलेले, एकमेकांना समांतर, मध्ये थोडी मोकळी जागा. एका पत्र्याला बॅटरीचं धन टोक जोडलेलं, दुसऱ्याला ऋण टोक. एवढंच.

बारावीला विज्ञान घेतलेल्या प्रत्येकाने ही आकृती वहीत काढलेली आहे. तिच्याखाली सूत्र लिहिलं आहे, त्यात आकडे घालून उत्तरं काढली आहेत, त्यांवर गुण मिळवले आहेत. आणि परीक्षा झाल्यावर ती आकृती मागे टाकली आहे. माझं आज एकच म्हणणं आहे. पदार्थविज्ञानात झालेल्या सर्वांत मोठ्या वैचारिक बदलांपैकी एक बदल याच आकृतीवर समजून घेता येतो. जवळजवळ शंभर वर्षं माणसं या पत्र्यांकडे पाहत होती. मग काही जणांनी पत्र्यांमधल्या जागेकडे पाहायला सुरुवात केली, आणि त्या जागेतून प्रकाशाचं कोडं सुटलं.

मी चार प्रश्न घेणार आहे. पत्र्यांवर प्रभार नेमका कुठे बसतो? मधल्या जागेत क्षेत्र किती असतं, आणि तेवढंच का असतं? साठवलेली ऊर्जा कुठे असते? आणि शेवटी, या दोन पत्र्यांनी आपल्याला काय दिलं?

पहिला प्रश्न. प्रभार कुठे बसतो?

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांना जरा जरी विद्युत क्षेत्र जाणवलं तरी ते सरकतात. कुठपर्यंत सरकतात? धातूच्या आतलं क्षेत्र शून्य होईपर्यंत. तोवर त्यांना स्वस्थता नाही. हे इतक्या झटपट घडतं की आपल्या दृष्टीने ते घडून गेलेलंच असतं. म्हणून स्थिर अवस्थेत धातूच्या आत क्षेत्र शून्य. हे एक वाक्य नीट धरून ठेवा. आजच्या अर्ध्या व्याख्यानाचा पाया तेवढाच आहे.

आत क्षेत्र नाही, म्हणजे जादा प्रभारही आत राहू शकत नाही. तो पृष्ठभागावर येतो. पण पत्र्याला पृष्ठभाग दोन असतात. एक समोरच्या पत्र्याकडे तोंड केलेला, एक बाहेरच्या बाजूचा. मग प्रभार कोणत्या बाजूवर?

एक उदाहरण घेऊ. दोन्ही पत्रे सारखे, मोठे, जवळजवळ ठेवलेले. डाव्या पत्र्यावर सात एकक धन प्रभार दिला, उजव्यावर तीन एकक, तोही धनच. बॅटरी नाही, काही नाही. आता सांगा, चार पृष्ठभागांवर किती किती प्रभार बसेल? बरेच विद्यार्थी म्हणतात, प्रत्येक पत्र्यावरचा प्रभार निम्मा-निम्मा होईल. साडेतीन, साडेतीन, दीड, दीड. उत्तर ऐका. दोन्ही बाहेरच्या बाजूंवर पाच-पाच. आतल्या बाजूंवर डावीकडे अधिक दोन, आणि उजवीकडे उणे दोन. जुळवून पाहा: पाच आणि दोन सात, पाच उणे दोन तीन.

ज्या पत्र्याला आपण फक्त धन प्रभार दिला, त्याच्या आतल्या अंगावर ऋण प्रभार आला! हे कसं घडलं? कारण एका आतल्या पृष्ठभागावरून निघालेली क्षेत्ररेषा समोरच्या पत्र्याच्या आत शिरू शकत नाही. धातूच्या आत क्षेत्र नसतं, हे आपण आताच ठरवलं. मग तिला समोरच्या पृष्ठभागावरच संपावं लागतं. जितक्या रेषा निघाल्या तितक्या संपल्या. म्हणून समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांवरचे प्रभार नेहमी सारखे आणि विरुद्ध. नेहमी. पत्र्यांवर एकूण काहीही प्रभार असो. आणि बाहेरच्या दोन पृष्ठभागांवरचे प्रभार नेहमी सारखे आणि एकाच चिन्हाचे, कारण एरवी पत्र्याच्या आत त्यांची क्षेत्रं एकमेकांना रद्द करू शकली नसती.

आता प्रभार नसलेल्या दोन पत्र्यांना बॅटरी जोडा. बॅटरी प्रभार निर्माण करत नाही. ती एका पत्र्यावरून काढते आणि दुसऱ्यावर नेऊन ठेवते. दोन्हींची बेरीज शून्य. बाहेरच्या बाजूंवर त्या बेरजेचा निम्मा-निम्मा वाटा यायचा, म्हणजे शून्य. सगळाच्या सगळा प्रभार आतल्या बाजूंवर, मधल्या जागेकडे तोंड करून बसतो. एका बाजूला जेवढं वाढतं तेवढंच दुसऱ्या बाजूला घटतं, ही गोष्ट बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास अमेरिकेतून लंडनला पाठवलेल्या पत्रांत स्पष्ट मांडली होती. तेव्हा इलेक्ट्रॉन हा शब्दही जन्मला नव्हता.

दुसरा प्रश्न. मधल्या जागेत क्षेत्र किती?

इथे दरवर्षी वर्गात एक शंका येते, आणि ती शंका अगदी रास्त आहे. पुस्तकात एका पानावर म्हटलेलं असतं की प्रभाराच्या एका विस्तीर्ण सपाट थराचं क्षेत्र म्हणजे प्रभारघनता भागिले दोन एप्सिलॉन. दोन पानं उलटली की पत्र्यांच्या मधलं क्षेत्र येतं: प्रभारघनता भागिले एप्सिलॉन. खालचा दोन कुठे गेला? आणि पत्रे दोन आहेत, मग क्षेत्र याच्याही दुप्पट का नाही?

गोंधळ होतो तो एकच प्रभार दोनदा मोजल्यामुळे. प्रत्येक थर आपलं क्षेत्र दोन्ही बाजूंना सारखं पाठवतो, निम्मं इकडे, निम्मं तिकडे. धन थराचं क्षेत्र त्याच्यापासून दूर जाणारं, ऋण थराचं क्षेत्र त्याच्याकडे येणारं. मधल्या जागेत या दोघांची दिशा एकच. निम्मं आणि निम्मं मिळून पूर्ण. पत्र्यांच्या बाहेर दोघांच्या दिशा विरुद्ध. निम्म्यातून निम्मं गेलं, शून्य. म्हणजे प्रभारघनता भागिले एप्सिलॉन हे उत्तर दोन्ही पत्रे मिळूनचं आहे. ते एका पत्र्याचं समजून पुन्हा दुप्पट केलं की चूक झाली.

यातली खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. या क्षेत्रात अंतर कुठेच येत नाही. धन पत्र्याच्या अगदी जवळ मोजा, मध्यावर मोजा, ऋण पत्र्याशी मोजा; उत्तर तेच. अंतराच्या वर्गाप्रमाणे बल कमी होतं, हा कूलॉमचा १७८५ चा नियम आपण शिकलो होतो. तो कुठे गेला? तो इथेच आहे आणि तोच हे घडवतो. आपण थरापासून दुप्पट दूर गेलो की थराच्या प्रत्येक कणाचा परिणाम चौपट कमी होतो. पण तेवढ्याच कोनात दिसणारं थराचं क्षेत्रफळ चौपट वाढतं. घट आणि वाढ एकमेकांना तंतोतंत भरून काढतात. नियम वर्गाचा नसता, जरा इकडेतिकडे असता, तर ही एकसमानता आलीच नसती.

अर्थात पत्रे कितीही मोठे घेतले तरी त्यांना कडा असतात, आणि कडांपाशी रेषा बाहेर फुगतात. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एकोणिसाव्या शतकात यावर एक सुंदर उपाय काढला. मोजायच्या तबकडीभोवती त्याच पातळीत आणखी एक धातूचं कडं बसवायचं आणि ते तेवढ्याच व्होल्टेजला ठेवायचं. कडेचा बिघाड त्या कड्यावर जातो आणि आतल्या तबकडीवर क्षेत्र शुद्ध, एकसमान राहतं. मोजमापाच्या अनेक उपकरणांत हे कडं आजही असतं.

आता थोडे आकडे. क्षेत्र हवं तेवढं वाढवता येत नाही. साध्या हवेत मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट झाले की हवा फुटते, ठिणगी पडते. पत्र्यांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल तर सुमारे तीन हजार व्होल्ट. एक चौरस मीटरचा पत्रा घ्या आणि त्याला या सीमेपर्यंत प्रभारित करा. त्यावर किती प्रभार मावेल? सुमारे २७ मायक्रोकूलॉम. म्हणजे पृष्ठभागावरच्या साधारण लाख अणूंमागे एका इलेक्ट्रॉनची कमी किंवा जास्ती. लाखात एक! आणि एवढ्या अल्पशा असमतोलाने ते दोन पत्रे एकमेकांना किती जोराने ओढतात? सुमारे ४० न्यूटन, म्हणजे चार किलो वजनाएवढं. विजेचं बल मुळात किती प्रचंड आहे, याची कल्पना यावरून यावी. आपल्याभोवतीचे पदार्थ शांत दिसतात ते धन आणि ऋण यांचा तोल जवळजवळ परिपूर्ण असल्यामुळे.

तिसरा प्रश्न. माझ्या मते आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ऊर्जा कुठे असते?

तेच दोन पत्रे. एक चौरस मीटरचे, एक मिलिमीटर अंतरावर, ठिणगीच्या सीमेच्या जरा आत प्रभारित केलेले. आता बॅटरी सोडवा. पत्र्यांना काही जोडलेलं नाही, प्रभाराला जायला वाट नाही. काचेच्या मुठीने एक पत्रा धरा आणि ओढून अंतर दोन मिलिमीटर करा. पत्रे एकमेकांना चार किलोच्या जोराने ओढत आहेत, म्हणजे हाताला काम करावं लागलं. चाळीस न्यूटन, एक मिलिमीटर; ०.०४ ज्यूल. थोडं काम, पण काम झालं. ते गेलं कुठे?

विचार करा. प्रभार बदलला का? नाही, त्याला वाट नव्हती. क्षेत्र बदललं का? नाही, ते अंतरावर अवलंबून नाही हे आपण आताच पाहिलं. पत्र्यांच्या धातूत काही बदल झाला का? काहीही नाही. व्होल्टेज दुप्पट झालं, पण तेही मधल्या जागेची रुंदी दुप्पट झाल्यामुळे. मग काय वाढलं? फक्त मधली जागा वाढली. आधी ती बरोबर एक लिटर होती, आता दोन लिटर झाली. जादा आलेल्या त्या एका लिटरमध्ये तेवढंच क्षेत्र भरलं गेलं आणि आपलं काम त्या क्षेत्रात जमा झालं. लिटरला ०.०४ ज्यूल. घनमीटरला चाळीस. आणि चौरस मीटरवरचं बल किती होतं? चाळीस न्यूटन. हे दोन आकडे सारखे येणं योगायोग नव्हे. एकाच गोष्टीच्या त्या दोन मोजण्या आहेत.

मंडळी, हे समजायला माणसाला किती काळ लागला पाहा. १७४५ मध्ये पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट यांनी आणि त्यानंतर काही महिन्यांतच हॉलंडमधल्या लायडन शहरात मुशेनब्रुक यांनी काचेच्या बाटलीत वीज साठवली. मुशेनब्रुकला असा झटका बसला की पुन्हा हा प्रयोग करणार नाही असं त्याने लिहून कळवलं. पण बाकीच्यांनी तो हौसेने केला. फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजासमोर १८० शिपाई हातात हात धरून उभे केले आणि बाटलीची वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदम उडाले. युरोपभर हा खेळ झाला. फ्रँकलिनने मात्र खेळापलीकडचा प्रश्न विचारला: बाटलीत वीज असते ती नेमकी कशात? त्याने बाटलीचा एकेक भाग वेगळा करून तपासला आणि काचेकडे बोट दाखवलं. मग बाटलीचा आकारच टाकून दिला. खिडकीची सपाट काच घेतली, दोन्ही बाजूंना शिशाचे पातळ पत्रे लावले, आणि ते यंत्र तसंच चाललं. आपली आजची आकृती तिथे उभी राहिली. दोन पत्रे आणि मधलं अंतर.

फ्रँकलिनची नजर काचेपर्यंत गेली. पण काच हा पदार्थ आहे. रिकाम्या जागेचं काय? तिथे नजर न्यायला मायकेल फॅरेडे यावा लागला. फॅरेडे पुस्तकबांधणीचं काम शिकलेला, गणिताचं औपचारिक शिक्षण नसलेला. १८३७ मध्ये त्याने दोन धातूंच्या मधल्या जागेत हवेऐवजी गंधक, लाख, काच असे पदार्थ भरून पाहिले. पृष्ठभाग तेच, अंतर तेच, आणि तरी प्रत्येक पदार्थाबरोबर साठवणूक बदलली. (हेन्री कॅव्हेंडिशने हेच १७७० च्या दशकात मोजलं होतं, पण छापलं नव्हतं, ते जगापुढे आलं १८७९ मध्ये, मॅक्सवेलच्या संपादनातून.) फॅरेडेचा निष्कर्ष धाडसी होता. दोन प्रभार दुरून एकमेकांना ओढत नाहीत. ओढ मधल्या जागेतून, टप्प्याटप्प्याने पोहोचते. त्या जागेत ताण असतो. त्याने त्या ताणाच्या रेषा काढल्या. त्या काळातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे चित्र कच्चं वाटलं, कारण त्यांची सूत्रं रेषांशिवाय चालत होती.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलला ते कच्चं वाटलं नाही. त्याने फॅरेडेच्या रेषा गणितात उतरवल्या, आणि १८६२ मध्ये त्यात एका पदाची भर घातली. त्याच्या मनात तेव्हा एका लवचीक माध्यमाचं चित्र होतं. आज आपण तेच पद पत्र्यांवर समजावतो. पत्रे प्रभारित होत असताना तारेतून प्रवाह वाहतो आणि तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मधल्या जागेतून मात्र एकही इलेक्ट्रॉन ओलांडत नाही. मग चुंबकीय क्षेत्र तिथे अचानक थांबेल का? थांबत नाही. कारण मधल्या जागेत विद्युत क्षेत्र वाढत असतं, आणि बदलतं विद्युत क्षेत्रही प्रवाहासारखंच चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं.

बदलत्या विद्युत क्षेत्रातून चुंबकीय, बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून पुन्हा विद्युत. म्हणजे लाट. तिचा वेग किती? तो काढायला लागणारा आकडा वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये मोजून ठेवला होता, आणि कशावर? लायडनच्या बाटलीवर! तिचा प्रभार एकदा स्थिर बलाने मोजला आणि एकदा प्रवाह म्हणून सोडून मोजला. त्यावरून वेग आला सेकंदाला सुमारे ३ लाख ११ हजार किलोमीटर. फिझोने मोजलेला प्रकाशाचा वेग तेव्हा सुमारे ३ लाख १५ हजार होता. मॅक्सवेलला कळून चुकलं की प्रकाश हीच ती लाट आहे.

इथे एक चोखंदळ श्रोता मला अडवेल. तो म्हणेल, पत्रे स्थिर असतील तर ऊर्जा प्रभारांची म्हणा किंवा जागेची म्हणा, हिशेब दोन्हीकडून सारखाच येतो. मग जागेचाच आग्रह का? आक्षेप बरोबर आहे. स्थिर पत्र्यांवर हा वाद सुटत नाही. तो प्रकाशावर सुटतो. सूर्यावरून निघालेला प्रकाश आठ मिनिटांनी इथे पोहोचतो. त्या आठ मिनिटांत ती ऊर्जा कुठे असते? सूर्यावरच्या प्रभारांपाशी नाही, आपल्या शेतातल्या पिकातही नाही. ती वाटेत असते, मोकळ्या जागेतल्या क्षेत्रात. लाटेच्या बाबतीत हे मान्य केलं की पत्र्यांच्या बाबतीतही मान्य करावंच लागतं, कारण दोन्हीकडचं क्षेत्र एकच आहे.

चौथा प्रश्न. या पत्र्यांनी आपल्याला काय दिलं?

पहिलं देणं, इलेक्ट्रॉन. १८८३ मध्ये हाइनरिख हर्ट्झने कॅथोड किरण दोन पत्र्यांमधून सोडून पाहिले. किरण वळले नाहीत. हे किरण प्रभारित नसावेत, असं त्याला वाटलं. १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसनने तोच प्रयोग पुन्हा केला. ॲल्युमिनियमचे सुमारे पाच सेंटीमीटर लांबीचे दोन पत्रे, मध्ये दीड सेंटीमीटर जागा. फरक एकच होता, त्याच्या नळीतली हवा फार जास्त काढलेली होती. किरण वळले, म्हणजे ते प्रभारित कणांचे होते; ते कण म्हणजेच इलेक्ट्रॉन. हर्ट्झच्या नळीत उरलेल्या वायूतून किरण गेले की तो वायू वाहक बनत होता, त्याचे कण पत्र्यांवर जमत होते आणि मधलं क्षेत्र पुसून टाकत होते. पत्रे दोघांचे ठीकच होते. हर्ट्झच्या पत्र्यांमधली जागा पुरेशी रिकामी नव्हती.

दुसरं देणं, इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा आकडा. १९०९ पासून शिकागोत रॉबर्ट मिलिकन आणि त्याचा विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांनी पितळेच्या दोन मोठ्या तबकड्या एकमेकींवर, दीडेक सेंटीमीटर अंतरावर ठेवल्या आणि मधल्या जागेत तेलाचे सूक्ष्म थेंब सोडले. खाली ओढणारं गुरुत्व, वर उचलणारं क्षेत्र. हा एक तराजूच होता, आणि त्यात एकेका थेंबावरचा प्रभार तोलला जात होता. जो थेंब घ्यावा, त्याच्यावरचा प्रभार एकाच लहान प्रभाराच्या पूर्ण पटीत यायचा. एकपट, दुप्पट, पाचपट. दीडपट कधीच नाही. मिलिकनने १९१३ मध्ये दिलेला आकडा आजच्या आकड्यापेक्षा एक टक्क्याहूनही कमी चुकलेला आहे, आणि तोही मुख्यतः हवेच्या चिकटपणाचा आकडा थोडा चुकल्यामुळे. तो तराजू एवढा अचूक ठरला तो कशामुळे? तबकड्यांमधलं क्षेत्र एकसमान होतं म्हणून. थेंब थोडा वर गेला, थोडा खाली आला, तरी त्यावरचं बल तेच राहायचं.

तिसरं देणं आपल्या घराघरांत आहे. छतावरचा पंखा नीट फिरेनासा झाला की इलेक्ट्रिशियन म्हणतो, कंडेन्सर गेलाय. हा कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो. एक मिलिमीटर अंतराच्या उघड्या पत्र्यांनी तेवढी क्षमता मिळवायची तर पत्रे २८० चौरस मीटरचे लागतील. कारखान्यात काय करतात? प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूचा थर चढवतात आणि ती गुंडाळतात. फिल्म सहा मायक्रॉन जाडीची धरली तर पाऊण चौरस मीटरच्या आसपास पुरते. आणि एक फॅरड हवा असेल तर? एक मिलिमीटरवर, हवेत? पत्र्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापेक्षाही मोठा पत्रा! मधली जागा अरुंद करणं, ती योग्य पदार्थाने भरणं, यातच या उद्योगाचं सारं कसब आहे.

आपण पत्रा ओढून व्होल्टेज वाढवलं होतं ना? १९१६ मध्ये ई. सी. वेंटे याने त्याच तत्त्वावर मायक्रोफोन केला. एक पत्रा जाड, दुसरा पातळ पडद्याचा. आवाजाने पडदा हलतो, मधली जागा बदलते, व्होल्टेज बदलतं. तुमच्या मोबाइलमध्ये सहसा हाच मायक्रोफोन सूक्ष्म रूपात बसलेला असतो. त्याच मोबाइलच्या स्मरणशक्तीत रॉबर्ट डेनार्डची कल्पना आहे, जिचं पेटंट १९६८ चं: प्रत्येक शून्य-एकासाठी एक चिमुकला कपॅसिटर. आठ जीबीच्या मोबाइलमध्ये असे सुमारे ६,९०० कोटी. त्यांतला प्रभार गळत राहतो, म्हणून तो दर सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो.

आणि चौथा कपॅसिटर असा आहे की आपण सगळे त्याच्या आतच राहतो. जमीन हा एक वाहक थर, आणि खूप उंचावरची आयनीभूत हवा हा दुसरा. स्वच्छ हवामानातसुद्धा मोकळ्या मैदानात मीटरला शंभर व्होल्टच्या आसपास क्षेत्र असतं. आपलं शरीर वाहक असल्यामुळे आणि हवा फारच कमी वाहक असल्यामुळे आपल्याला झटका बसत नाही. हवेतून प्रभार सतत झिरपत असतो. नुसता झिरपतच राहिला तर पृथ्वीवरचा हा साठा तासाभरातच बराचसा संपून जाईल. तो संपत नाही, कारण जगभर कुठे ना कुठे गडगडाटी ढग तो भरत असतात, अशी मांडणी सी. टी. आर. विल्सनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली.

हा विषय आपल्या अंगणातला आहे. मराठवाड्यात, विदर्भात, पावसाळ्याच्या तोंडावर शेतात काम करणारी माणसं विजेने दगावतात. ढग आणि जमीन यांच्यामधली हवा फुटते, आणि ती फुटताना वीज उंच, एकट्या झाडाकडे धावते. म्हणून त्या झाडाखाली थांबायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ हे ॲप तयार केलं आहे. ते आपल्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये असावं, ही विनंती मी या व्यासपीठावरून आवर्जून करतो.

आता थोडक्यात. समोरासमोरच्या पृष्ठभागांवर प्रभार नेहमी सारखा आणि विरुद्ध. मधलं क्षेत्र दोन्ही पत्रे मिळून घडवतात आणि ते सर्वत्र सारखं असतं. ऊर्जा मधल्या जागेत असते. आणि इलेक्ट्रॉनच्या शोधापासून मोबाइलच्या मेमरीपर्यंत, माणसाने जे मिळवलं ते या जागेवर ताबा मिळवून मिळवलं.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. बारावीच्या वर्गात सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हा प्रयोग करा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे, मध्ये वहीचा एक कागद, आणि कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर. काही नॅनोफॅरडचा आकडा येईल. वर एक जाड पुस्तक ठेवा, मधली हवा दाबली जाईल आणि आकडा वाढेल. कागद दोन करा, आकडा घटेल. फॉइल अर्धी सरकवा, आकडा पुन्हा घटेल. सूत्रातलं क्षेत्रफळ, अंतर, मधला पदार्थ, तिन्ही गोष्टी मुलांच्या हाताखाली येतील. मग त्यांना सात आणि तीनचा प्रश्न विचारा. उत्तर लगेच सांगू नका. त्यांना वाद घालू द्या. फ्रँकलिन, फॅरेडे आणि मॅक्सवेल यांच्या हाती निराळं साहित्य होतं, पण त्यांनी विचारलेले प्रश्न आपल्या प्रत्येक वर्गात विचारता येतात. गुणांसाठी सूत्र लागतं हे मला मान्य आहे. पण सूत्र समजलेला विद्यार्थी गुण मिळवतोच, आणि पुढच्या आयुष्यात वीज, यंत्र किंवा आभाळातला ढग पाहताना स्वतः विचार करू शकतो. असा विचार करणारी मुलं घडवणं हेच ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांचं काम होतं, आणि ते पुढे नेण्याची जबाबदारी आता आपली सर्वांची आहे.